पाच हातांची चांदणी

१

आमच्या ऑफिसचं नाव पाटीवर दोन ओळी भरून आहे. माझं काम मात्र बसल्या जागचं. विमान उंच, थंडगार ढगांत जाऊन येतं. त्याच्या पंखाखाली एक यंत्र असतं आणि यंत्राला पुढे दोन शिंगं. एका शिंगातून दुसऱ्या शिंगाकडे उजेड जात राहतो. मधून बर्फाचा कण गेला की त्याची सावली पडते आणि तिचं चित्र टिपलं जातं. एका फेरीत अशी लाखो चित्रं येतात. बहुतेक कॉम्प्युटरच वेगळी करतो. जिथे त्याचं घोडं अडतं, ती आमच्याकडे येतात.

आम्ही म्हणजे मी आणि नकाशेकाका. काकांनी उभा जन्म नकाशे काढण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून इथे आले. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये एक खिडकी आहे, तिच्यातून धावपट्टीचं टोक दिसतं. दिवसभर आमची सहा बटणं चालतात. एक कांडीला, दोन ताटलीला, तीन चांदणीला, चार झुबक्याला, पाच गारेला. सहावं कचऱ्याला. शिंगावर आपटून फुटलेल्या कणांचे तुकडे, धूसर चित्रं, पुसायच्या फडक्याचा धागा, एखादा केस, असं सगळं कचऱ्यात जातं.

ही नोकरी मला माझ्या ह्यांच्यामुळे मिळाली. विमान उतरलं की ते यंत्र पुसायचं आणि तपासायचं काम हे करतात. ऑफिसच्या मोठ्या बाईंनी मला समोर बसवून एक छापील पट्टी दिली आणि वेगळी वाटतील ती चित्रं खुणा करून दाखवायला सांगितली. त्यांचा चहा निवायच्या आत मी पट्टी परत दिली. शिक्षण विचारलं, मी सातवी सांगितलं. त्या म्हणाल्या, सातवी चालेल, डोळे चालले पाहिजेत.

तीन महिने पारख, मग कायम. कायम झाले की घरच्यांच्या दवाखान्याची सोय ऑफिसकडून होते, आणि मला हवं होतं ते एवढंच. माझी ठकू सातव्या महिन्यात झालेली. पहिले एकवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. आता अडीच वर्षांची आहे, पण तिची छाती अजून नाजूक. ती झोपली की मी तिच्या नाकापुढे माझा छोटा गोल आरसा धरते. त्यावर वाफ धरली की मग मी श्वास घेते. चार आकडे म्हणेपर्यंत वाफ उडून जाते. सासूबाई म्हणतात, पोरीला झोपेत तोंड दाखवतेस का आरशात. म्हणू देत.

पहिल्या दिवशी बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मधूनमधून त्या एखादं ओळखीचं चित्र मुद्दाम घालणार. तेच चित्र पुन्हा आलं तर माझं उत्तरही तेच यायला हवं. एकाच चित्राला आज चांदणी आणि उद्या कचरा म्हणणारं माणूस त्यांना उपयोगाचं नाही.

एवढं सोडून बाकी सगळं विसरले असते तर बरं झालं असतं.

२

ते पहिल्यांदा आलं तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला पाच-सात मिनिटं उरली होती. सकाळपासून चांदण्यांचीच रीघ होती, हात तीनवर बसला होता. तेही आलं, मी तीन दाबलं, ते गेलं. गेल्यावर लक्षात आलं की त्याला हात पाच होते.

बर्फाच्या चांदणीला सहा हात असतात. कधी मोडतो एखादा, पण मग तिथे बुंधा दिसतो, जागा रिकामी दिसते, तोंडातला दात पडल्यासारखी. हिच्यात रिकामी जागाच नव्हती. पाचही हात सारख्या अंतरावर, आखून काढल्यासारखे. खालच्या उजव्या हाताला टोकाशी बारीकसा काटा फुटला होता.

परत मागे जाता येत नाही, दाबलेलं बटण दाबलेलंच राहतं. मी जेवायला गेले. डबा उघडला तरी तोच काटा डोळ्यापुढे होता. शेवटी म्हटलं, लाखातलं एक चुकलं तर ढग काही खाली पडत नाही.

नऊ दिवसांनी ते पुन्हा आलं. तेच पाच हात आणि तोच काटा.

मला घाम फुटला, पण भीतीनं नाही. वाटलं, हेच ते बाईंचं ओळखीचं चित्र. बर्फाला पाच हात नसतात हे मला ठाऊक आहे का ते बघायला घातलेलं, आणि मी पहिल्याच खेपेला फसले. आता कचऱ्याचं बटण दाबलं तर दोन उत्तरं दोन तऱ्हेची होणार. चुकीचं तर चुकीचं, पण एकच असलेलं बरं. मी तीन दाबलं.

तिसऱ्यांदा आलं तेव्हाही तीनच दाबलं. चौथ्यांदा तर ते पडद्यावर पुरतं उमटायच्या आधीच माझं बोट तीनवर होतं. गर्दीत घरचं माणूस पाठीवरून ओळखू यावं, तसं मी त्याला ओळखायला लागले होते. खोटं कशाला सांगू, मनातून बरंही वाटायचं. म्हणायचे, आलास का बाबा, ये, तेवढाच माझा एक मार्क.

३

प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरांत तारीख, वेळ, उंची आणि तापमान असतं. ओळखीचं चित्र कधी येतं याचा अंदाज असावा म्हणून मी त्याच्या नोंदी माझ्या छोट्या वहीत उतरवून ठेवायला लागले. ठकूच्या औषधांच्या वेळा जिथे लिहिते, तीच वही. आधीच्यांच्या तारखा आणि उंची लक्षात होत्या, त्याही मागून भरल्या.

सातव्या नोंदीनंतर एका दुपारी वही उघडी पडली होती. काका चष्मा वर सरकवून वाकले आणि म्हणाले, ही उतरंड कसली मांडलीयेस?

मी तोवर आकडे एकाखाली एक असे वाचलेच नव्हते. पहिलं चित्र अकरा हजार नऊशे मीटरवरचं. मग अकरा हजार दोनशे. नऊ हजार आठशे. सात हजार. चार हजार तीनशे. एक हजार नऊशे. नऊशे चाळीस.

शेवटच्या दोन चित्रांचं तापमानही मी लिहिलं होतं. चौदा आणि बावीस. शून्याच्या खालचं नव्हे, वरचं. बावीस अंशांत बर्फ म्हणजे उन्हात वाळत घातलेला बर्फच झाला.

काकांनी चित्र दाखव म्हटलं, पण ते गेलेलं होतं. मी कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला नाही, लांबूनच बघितला आणि जागेवर जाऊन बसले. एरवी त्या माणसाला दर तासाला एक विनोद सुचतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही सुचला नाही.

४

घरी ह्यांना सांगितलं. हे भाकरीचा तुकडा मोडता मोडता हसले. म्हणाले, अगं, शिंगाच्या काचेवर डाग असेल, म्हणून दर वेळी तीच सावली पडते. उंची बदलते ती विमानाची, डागाला काय. उद्या घासून काढतो.

पटलं मला. इतकं पटलं की हसू आलं. सासूबाईंनी लगेच ऐकवलं, ह्या बाई कधी विमानात बसल्या नाहीत आणि ढगांच्या काळजीनं वाळायला लागल्या. ठकू जमिनीवर बटणांचा डबा पालथा घालून बसली होती. माझं बघून तीही निवडते. पांढरी बटणं एका वाटीत, काळी दुसऱ्या वाटीत, तुटलेली सरळ माझ्या मांडीवर. तुटकं बटण देताना ‘कतरा’ म्हणते. सगळे हसलो.

हात धुताना मात्र मनात आलं, डाग असता तर तो एका फेरीत लाख वेळा दिसला असता. हा नऊ-दहा दिवसांतून एकदाच का दिसतो? ह्यांना विचारलं नाही. उत्तर ऐकायचं नव्हतं.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही शिंगं घासली. पुढच्या आठवड्यात आठवं चित्र आलं. उंची सहाशे बारा, तापमान एकतीस. सहाशे बारा ही आमच्या धावपट्टीची उंची आहे. जिन्यापाशी लावलेल्या काकांच्याच नकाशावर ती लाल शाईत लिहिलेली आहे.

हे म्हणाले, जमिनीवर आम्ही यंत्रापुढे ठिपक्यांची चकती फिरवून तपासणी करतो, तिचं असेल. मी वही उघडली. त्या तारखेला हे रजेवर होते. ठकूला लस द्यायला आम्ही दोघं मिळून गेलो होतो. विमानाच्या शेडला दिवसभर कुलूप होतं आणि किल्ली ह्यांच्याच खिशात.

 ह्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

५

तीन महिने भरले तशी बाईंनी आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझ्या कामाचा कागद होता. म्हणाल्या, उत्तम. ओळखीची चित्रं चाळीस वेळा घातली, चाळीसही वेळा बरोबर. कायमच्या कागदावर मी सही केली आहे.

माझ्या तोंडून निघून गेलं की पाच हातांच्या चांदणीला मात्र मी मुद्दाम चुकीचं उत्तर देत आले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, ओळखीची चित्रं दोनच आहेत, एक कांडी आणि एक गार. चांदणी आम्ही कधी घातलेलीच नाही.

मी वही दिली. बाईंनी तारखा घालून एकेक चित्र पडद्यावर काढलं. आठही चित्रं एका ओळीत लागली. तोपर्यंत मी ती एकत्र कधी पाहिली नव्हती. वाटत होतं सगळी सारखी आहेत, पण तशी नव्हती. दर चित्रात चांदणी थोडी फिरलेली होती. पहिल्यात ती किंचित तिरपी होती. आठव्यात ती अगदी समोरून दिसत होती.

 पंखा फिरत होता आणि कागदाचा एक कोपरा त्याच्या वाऱ्यानं टेबलावर टकटक वाजत होता. मग बाईंनी आठही चित्रांवर सहा नंबर दिला. म्हणाल्या, जे बर्फ नाही ते कचऱ्यात. यापुढे आलं तर विचार न करता सहा दाबायचं. समजलं?

बाहेर आले तर काका जिन्यात उभे होते. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहून घेतलं.

“मलाही आलं होतं ते,” काका म्हणाले. “तू यायच्या आधी. एकदा आलं, मी कचऱ्यात टाकलं. परत नाही आलं.”

“मग माझ्याकडेच का येतंय, काका?”

“अनोळखी माणूस रस्त्यात दिसला तर मी मान फिरवतो, पोरी. जुनी खोड आहे माझी. तू दर वेळी ओळख दाखवलीस.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “ओळख दाखवली की माणूस घर विचारतं.”

६

त्यानंतर विमान दुरुस्तीला गेलं. यंत्र काढून, पेटीत घालून, पेटीला सील लावलं. ते ह्यांनीच लावलं. महिनाभर नवी चित्रं येणार नव्हती, जुन्या फेऱ्यांची राहिलेली आम्ही निवडत होतो. मी कायम झाले होते. दिवस हलके वाटायला लागले होते.

सोमवारी दुपारी जुन्या चित्रांच्या मध्येच ते आलं. मी सांगितल्याप्रमाणे सहा दाबलं. पण दाबायच्या आधी खालची ओळ वाचली. तारीख आजची. वेळ दोन दहा, म्हणजे नुकतीच होऊन गेलेली. उंची सहाशे एकवीस. तापमान छत्तीस.

ह्यांना फोन केला. हे म्हणाले, पेटी माझ्या समोर आहे, सील शाबूत आहे. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं असेल, कळवते.

मी काकांना विचारलं, धावपट्टीपेक्षा नऊ मीटर उंच इथे काय काय आहे? काकांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, पाण्याची टाकी त्याहून उंच, शेड त्याहून बुटकी. कुंपणापलीकडची तुमची बिल्डिंग धावपट्टीच्याच पातळीवर आहे. एक मजला तीन मीटर.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ठकू दुपारी दीडला झोपते आणि तीनला उठते.

मंगळवारी तेच. दोन दहा, सहाशे एकवीस, पस्तीस. मी सहा दाबलं. बुधवारी चौतीस. सहा. सहा दाबताना डोळे मिटून घ्यायचे, पण खालची ओळ वाचल्याशिवाय बोट हलत नव्हतं.

बुधवारी घरी येऊन ठकूच्या काखेत थर्मामीटर लावला. चौतीस. पुसून पुन्हा लावला, पुन्हा चौतीस, असायला हवं सदतीसच्या आसपास. तिला कडेवर घेऊन दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी छाती तपासली, नखं पाहिली, तिला गोळीचं रिकामं पाकीट खेळायला दिलं. त्यांचाही थर्मामीटर चौतीसच दाखवत होता. ते म्हणाले, नीट धरता येत नाही लहान मुलांना. मूल बघा, यंत्र काय बघताय. छान हसतंय, खेळतंय. तुम्हीच दोन दिवस झोपा.

ती खरंच हसत होती. परत येताना माझ्या मानेला बिलगली होती, आणि तिचं नाक लागत होतं तेवढी जागा घर येईपर्यंत बधिर झाली होती.

७

गुरुवारी मी कामावर जाणार नव्हते. ह्यांनी समजूत घातली. म्हणाले, कायम होऊन दहा दिवस नाहीत झाले, दवाखान्याची सोय त्याच्यावरच आहे, आई आहे ना घरात. सासूबाईंनीही सुपारी लागल्यासारखं तोंड करून म्हटलं, म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तर. मी गेले. पण सकाळीच काकांना सांगून ठेवलं, आज ते आलं तर तुम्ही येऊन सहा दाबा, मी बघणार नाही.

दोनला मी खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले. धावपट्टी ऊन पिऊन पांढरी झाली होती. काका माझ्या जागेवर बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

दोन दहा झाले. काकांचं बटण वाजलं नाही.

मी म्हटलं, आलं का?  म्हटलं, काका, दाबा ना. तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, “ह्यात दुसरं काहीतरी आहे गं. केस आहेत. पण केस असे नसतात.”

मी वळले. कुठल्या आईनं वळलं नसतं?

चांदणी चित्राच्या एका कडेला होती, अगदी समोरून. आणि दुसऱ्या कडेला बारीक काळ्या रेघा होत्या. रोज दहा-वीस केस कचऱ्यात टाकते मी, केस एकटा असतो, वेडावाकडा असतो. या रेघा ओळीनं होत्या. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळत्या, सगळ्या एकाच बाजूला वर वळलेल्या. अकरा होत्या. रोज सकाळी ओल्या बोटानं ठकूच्या डोळ्यांची चिपडं काढताना मी त्या इतक्याच जवळून बघते.

चांदणीचा तो काटा फुटलेला हात दोन पापण्यांच्या मधून आत गेला होता.

खाली तापमान होतं एकतीस. मी चपला न घालता जिना उतरले.

८

दार सासूबाईंनी उघडलं. ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, झोपलीये गाढ, उठवू नकोस. आज तर कूससुद्धा बदलली नाही पोरीनं.

खोलीत पडदा ओढलेला होता. पंखा बंद होता, तरी गारवा होता. बाजूला बटणांच्या दोन वाट्या भरलेल्या होत्या आणि तुटलेली बटणं तिच्या उशीजवळ नीट गोल मांडून ठेवलेली होती. ती पाठीवर झोपली होती. डोळे मिटलेले. मी हात लावला नाही. हात लावला तर जे कळेल ते मला कळायला नको होतं. मी उशीखालचा आरसा काढला आणि तिच्या नाकापुढे धरला.

वाफ आली.

 खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. आली वाफ. माझी पोर श्वास घेतेय. डॉक्टर म्हणाले तेच खरं, मूल बघा, यंत्र बघू नका.

रडून झालं, डोळे पुसले. आरसा पुसायला उचलला तर वाफ तशीच होती.

मी आकडे म्हटले. चार झाले, दहा झाले, चाळीस झाले. आरसा घेऊन खिडकीशी गेले, पडदा सारला आणि भर उन्हात धरला. काच तापली. वाफ गेली नाही. उलट तिच्या कडा स्पष्ट व्हायला लागल्या.

काका म्हणाले होते, मान फिरवायची. मी मान फिरवली. देवाशपथ सांगते, मी हात मोजले नाहीत. मी खाली रस्त्याकडे पाहत होते, एक माणूस सायकल ढकलत नेत होता, त्याच्याकडे पाहत होते. पण तीन महिने सरावलेल्या हाताला कोण सांगणार? खिडकीच्या कट्ट्यावर माझी बोटं टेकलेली होती, कामावर बटणांवर असतात तशीच. नजरेच्या कोपऱ्यात आरसा चमकला आणि त्यांतलं मधलं बोट आपोआप उचललं आणि खाली पडलं.

तीन.

मागून सासूबाई म्हणाल्या, “उठली बघ तुझी लेक.”

मी आरसा पालथा घातला आणि वळले. ठकू अंथरुणात उठून बसली होती. एरवी ती उठते ती रडत, डोळे चोळत, मला शोधत. त्या दिवशी तिनं डोळे चोळले नाहीत, पापणीही लववली नाही. एकटक माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

तिचं हसू मला पाठ आहे, ते हे नव्हतं. परक्या गावात कुणीतरी ओळख दाखवली की माणूस हसतं, तसं ते होतं.